साडेअकरा तोळ्यांचं एक कडं? शिरपूरच्या ताईंना एका सोनाराचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घटस्फोट होऊन वर्ष झालं, तोही परस्पर संमतीनं. लग्न २०१२ चं. कपाटात पडून आहे ते असं: मंगळपोत २६ ग्रॅम, राणीहार साधारण ४१, पाटल्यांची जोडी ३५, झुबे ९ आणि साखरपुड्याची अंगठी ४ ग्रॅम. म्हणजे साडेअकरा तोळे. हे सगळं आटवून रोज शाळेत घालता येईल असं एकच कडं करावं, असं तुमच्या मनात आहे. आई म्हणते, पोतीला हात लावू नको. दुकानदार म्हणाला, सरसकट १८ टक्के घट धरावी लागेल. आणि तुम्ही विचारलंय की डिझाइन कोणतं करू.

डिझाइनचं शेवटी बघू. ती यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: यातलं काय आटवायचं, काय तसंच ठेवायचं, आणि जे आटवाल त्यातून हातात किती परत येणार? दागिना आवडला नाही तर पुन्हा करता येतो. आटवलेली पाटली पुन्हा आईनं दिलेली पाटली होत नाही.

मी अमळनेरचा. आजोबांपासून सोनारकीच. तीसेक वर्षं स्वतः पाटावर बसलोय, आता डोळे थकले म्हणून गल्ल्यावर जास्त असतो. आमच्या धंद्यात जुन्या दागिन्याला ‘मोड’ म्हणतात. ‘मोड आणलीय का?’ हे दिवसातून वीसदा तोंडात येतं. काडीमोडीतली मोड हीच, हे मला कित्येक वर्षं सुचलं नव्हतं. एक बाई हसत हसत म्हणाल्या, ‘काका, एक मोड कोर्टात झाली, दुसरी तुमच्याकडे.’ तेव्हापासून समोरचं माणूस बघून शब्द वापरतो.

सगळ्यात आधी कागद. परस्पर संमतीच्या अर्जासोबत तडजोडीच्या अटी लिहिलेल्या असतात, त्या काढून वाचा. दागिन्यांचा उल्लेख आहे का, ‘स्त्रीधन मिळालं, आता काही देणंघेणं नाही’ अशी ओळ आहे का, हे बघा. कायदा बाईच्या बाजूनं स्पष्ट आहे. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता असल्याचं सांगितलं. माहेरचं असो की सासरचं, लग्नात तिला दिलेलं ते तिचंच. पण घराघरात भानगड वेगळी असते. ‘हार आजेसासूबाईंचा होता, लग्नात नुसता घालायला दिला होता’ असं नंतर कुणीतरी म्हणतं. ते खरं की खोटं हे मी ठरवू शकत नाही, तुमचा वकील ठरवेल. मी फक्त एवढंच सांगतो की, आटवून लगड, म्हणजे सोन्याची कांडी झाल्यावर कुठला दागिना कुणाचा होता हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

ही चूक मी स्वतः केलीय. पंधराएक वर्षांपूर्वी एक मुलगी भावासोबत आली, हार आणि तोडे आटवून घेऊन गेली. मी ना फोटो काढला, ना कागद विचारला. चार महिन्यांनी तिचा भाऊ परत आला. प्रकरण कोर्टात चालूच होतं आणि समोरच्या बाजूनं त्याच हाराचं वर्णन मागितलं होतं. माझ्या वहीत ‘मोड, ७४ ग्रॅम’ एवढंच. त्या मुलीला माझ्यामुळे फुकट मनस्ताप झाला. आता मी प्रत्येक डागाचा, म्हणजे दागिन्याचा, दोन्ही बाजूंनी फोटो घेतो, वजन काट्यावर दिसेल असा. तुम्हीही घरी तसेच फोटो काढून ठेवा, जुनी बिलं असतील तर त्यांचेही.

आता त्या १८ टक्क्यांकडे येतो, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होऊ शकतं.

‘घट’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली, जे सोनं नव्हतंच ते: काळे मणी, दोरा, खडे, मोती, मीना, पोकळ डागात भरलेली लाख. दुसरी, सोनं आहे पण कमी कसाचं. जोडकामाला जो टाका लागतो तो मूळ सोन्यापेक्षा लवकर वितळावा म्हणून हलक्या कसाचा करतात. त्यामुळे ज्या दागिन्यात जोड जास्त, त्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, आटवल्यावर खाली येतो. तिसरी म्हणजे खरी आगीतली घट, आणि ती फार थोडी असते. स्वच्छ सोनं नीट आटवलं तर शंभराला एक ग्रॅमसुद्धा जात नाही.

आकड्यांत सांगतो. मागच्या वर्षी माझ्याकडे तुमच्यासारखाच एक राणीहार आला होता, वजन ४१.२ ग्रॅम. खडे, मोती, मीना काढून ३.१ ग्रॅम वजा झाले, राहिले ३८.१. आटवल्यावर लगड भरली ३७.६ ग्रॅम. लगडीचा टंच लागला ८८.५. म्हणजे त्यात शुद्ध सोनं झालं ३३.२८ ग्रॅम. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, त्या हिशेबानं ३६.३३ ग्रॅम बावीस कॅरेट सोनं हातात आलं. मूळ वजनाशी ताडून बघितलं तर जवळजवळ १२ टक्के गेले. पण त्यातला प्रत्येक पॉइंट कुठे गेला हे त्या बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि खडे पुडीत बांधून घरी नेले होते.

आता हाच हिशेब तुमच्या पाटल्यांना लावा. भरीव पाटलीत खडा नाही, लाख नाही, जोड जवळपास नाहीत. तिथे घट एक-दोन टक्क्यांच्या वर जायचं कारणच नाही. सरसकट १८ टक्के लावले तर ३५ ग्रॅमच्या जोडीतून ६.३ ग्रॅम उडाले. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यावर ते साठ हजारांहून जास्त झाले. दुकानदार लबाडच असेल असं नाही. पोत आणि हार बघून त्यानं अंदाजानं मोठा आकडा सांगितला असेल, स्वतःला तोशीस नको म्हणून. पण सरसकट घट कधीच कबूल करू नका. प्रत्येक डाग वेगळा तोलायचा, वेगळा आटवायचा, आणि प्रत्येक लगडीचा वेगळा टंच लिहून घ्यायचा.

टंच मशीनबद्दल एक गोष्ट गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही. ते मशीन वरचा थर वाचतं. दागिन्याला चकाकीसाठी सोन्याचं पाणी दिलेलं असेल तर आकडा चढा येतो, टाक्यावर धरलं तर पडका येतो. म्हणून दागिन्यावर घेतलेल्या आकड्यावर सौदा करायचा नाही, लगडीवर घेतलेल्यावर करायचा. शंका वाटली तर हॉलमार्किंग केंद्रात स्वतः जाऊन डाग तपासून घेता येतो. चार नगांपर्यंत २०० रुपये असा दर आहे, जळगावला काम होऊन जातं.

तुमचं सोनं २०१२ चं, त्यावर नुसता ९१६ चा शिक्का असेल तर त्याला हॉलमार्क समजू नका. तो शिक्का कुणीही मारू शकत होतं. आत्ताच्या हॉलमार्कात तीन गोष्टी असतात: बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण, कॅरेट-शुद्धता आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या सहा अक्षरी क्रमांकाशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तुमचं जुनं सोनं बिनहॉलमार्कचं असलं तरी ते विकायला, मोडायला काही आडकाठी नाही. नवीन करून घ्याल त्यावर मात्र हॉलमार्क मागा आणि क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकून तिथल्या तिथे बघा.

पुढचा फाटा: मोड देऊन दुकानातला तयार दागिना घ्यायचा, की आपलंच सोनं देऊन मजुरीवर घडवून घ्यायचा? तुम्ही लिहिलंय, ‘माझंच सोनं त्यात असावं.’ तर मग मजुरीवरच. याचा पैशांचाही फायदा आहे. मोड देऊन नवा दागिना घेतला की कागदावर तुम्ही जुनं विकलं आणि नवं विकत घेतलं असं होतं. जीएसटी ३ टक्के, तोही नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर. आठ लाखांच्या मालाला चोवीस हजार झाले. शिवाय जुनं विकलं म्हणून भांडवली नफ्याचा प्रश्न येतो, तो तुमच्या सीएला विचारा. मजुरीवर करून घेतलं तर जीएसटी फक्त घडणावळीवर, ५ टक्के. घडणावळ साठ हजार झाली तरी कर तीन हजार.

पण मजुरीवर सगळं होत नाही. मशीनची चेन, मशीनची बारीक बांगडी, पोकळ हलके हार हे कारखान्यात किलोंच्या मालात होतात. तुमच्या २० ग्रॅमची वेगळी चेन तिथे कुणी ओढून देणार नाही. ‘तुमच्याच सोन्याची चेन करून देतो’ असं कुणी म्हणालं तर बहुतेक वेळा तो तुमचं सोनं ठेवून तयार चेन देतो. कडं, अंगठी, पाटली, पदक, साधे टॉप्स ही हातकामं, ती तुमच्याच सोन्यात होतात. अर्थात सोनार तुमच्यासमोर आटवायला तयार असला तर. ‘कारागीर रात्री येतो, ठेवून जा’ म्हणाला तर उठून या.

आणि आटवताना बसा, ताई. अर्धा तास लागतो. मुशीत तुकडे टाकतात, वर चिमूटभर टाकणखार, मग ज्योत. आधी बारीक कड्या आणि तारा लाल होतात आणि एकदम आकार सोडतात. पोत असेल तर वाट्या सगळ्यात शेवटपर्यंत दिसत राहतात, जाड असतात ना. मग त्याही कडेनं बसतात, आणि क्षणात मुशीच्या तळाशी एक गोल थेंब फिरायला लागतो, पाऱ्यासारखा, वर टाकणखाराचा काचेसारखा पातळ पडदा. शुद्ध सोनं १०६४ अंशाला वितळतं, बावीस कॅरेट त्याच्या थोडं आधीच. सांडशीनं मूस उचलून साच्यात ओतली की मिनिटभरात करंगळीएवढी काळपट कांडी. तेजाबातून काढली की पिवळी होते. काही बायका त्या वेळी रडतात. काही जणी मोबाइलमध्ये बघत बसतात. एकीनं विचारलं होतं, ‘एवढंच?’ मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नव्हतं.

आता पोतीचं. तुमच्या आईचं म्हणणं मी खोडणार नाही. आमच्याकडे पोत आटवू नये असं मानणारे खूप आहेत आणि श्रद्धेवर मी कोण बोलणार. पण आईंना एक विचारून बघा: पोतीच्या दोन वाट्यांतली एक माहेरची असते, एक सासरची. मनाला नेमकं काय टोचतंय, वाट्या, काळे मणी, की मुलीनं स्वतःच्या हातानं मोडायला नेणं? बऱ्याचदा हे शेवटचं असतं. मग पोत आईच घेऊन येते, किंवा मामा येतो, आणि प्रश्न मिटतो. माझी आत्या सासरहून कायमची परत आली तेव्हा आजोबांनीच तिची पोत आटवून तिला बांगड्या केल्या होत्या. भाऊबंद कुरकुरले. आजोबा म्हणाले, ‘सोनाले काय मालूम, कोनं लगीन व्हतं?’ आणि फुंकणी उचलली. हे माझ्या वडिलांनी सांगितलेलं, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

पोत आटवायची नसेल तर उसवायची. मोड न करता दागिना बदलण्याच्या वाटा असतात आणि त्या कुणी सुचवत नाही, कारण त्यात सोनाराला घडणावळ कमी मिळते. पोतीतले सोन्याचे मणी वेगळे काढून साध्या दोऱ्यात किंवा मोत्यांसोबत पुन्हा ओवता येतात, एका दुपारचं काम. राणीहाराचं पदक सुटं काढून एकटं घालता येतं. खडे सुस्थितीत असतील तर मोती आणि पाचू आगीजवळ जाऊ देऊ नका. ते आधी काढून घ्यायचे, नव्या कामात बसवायचे किंवा परत न्यायचे. मात्र खडा रोजच्या वापराच्या अंगठीत बसवायचा असेल तर बावीस कॅरेट मऊ पडतं, पकड ढिली होऊन खडा पडतो. त्याला अठरा कॅरेट घ्या. त्यात एक सावध राहायचं: बावीसचं अठरा करताना वजन वाढतं, कारण भेसळ वाढते. वजन वाढलं म्हणून सोनं वाढलं असं नव्हे.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. मी तुमचे दागिने बघितलेले नाहीत, तेव्हा त्या हिशेबानं घ्या.

पाटल्या तशाच ठेवल्या असत्या. आईनं दिलेल्या आहेत, भरीव आहेत, मोडून काही मिळवायचं नाही. झुबे मुलीसाठी ठेवले असते. नऊ वर्षांची आहे म्हणता, अजून दहा वर्षांनी ती मागेल किंवा नाही मागणार, पण तेव्हा ‘आटवून टाकले’ असं सांगावं लागू नये. पारोळ्याच्या एका ताईंना ते सांगावं लागलं, त्यांचा चेहरा माझ्या लक्षात आहे. राणीहार मात्र पहिल्यांदा मोडला असता. तुम्ही म्हणता लग्नानंतर तो दोनदा घातला, आणि कपाट उघडलं की तोच आधी दिसतो. तडजोडीच्या कागदात अडचण नसेल तर तोच आटवायचा.

त्यातून समजा ३५ ग्रॅमच्या आसपास सोनं आलं. कडं करायचं २५ ग्रॅमचं, पेचाचं, आतून सपाट. साडेअकरा तोळ्यांचं कडं हातात घालून फळ्यावर एकदा लिहून बघा, तास संपायच्या आत काढून टेबलावर ठेवाल. शिवाय इतकं वजन अंगावर घेऊन एसटीनं जायचं म्हणजे घोर. आपल्याकडच्या पेपरात ‘मंगलपोत लांबवली’ ही बातमी आठवड्याला वाचतो आपण. पोकळ कडं घेऊ नका. स्वस्त पडतं, पण बाकाला आपटलं की खड्डा पडतो आणि तो निघत नाही. उरलेलं दहाएक ग्रॅम लगड म्हणूनच ठेवायचं, टंचाच्या चिठ्ठीसकट. सगळं एका दमात घडवून टाकलं की वर्षभरानं मन बदललं तर पुन्हा घडणावळ, पुन्हा घट. अंगठी त्याच लगडीत टाकायची की विकायची हे तुमचं तुम्ही ठरवा, चार ग्रॅमनं हिशेब हलत नाही.

पोत आत्ता राहू द्या. तिचा निर्णय या कामात आणायची गरज नाही. आईशी बोलून झालं की बघू.

एरवी मी कोर्टाचा निकाल हातात घेऊन दुसऱ्या आठवड्यात येणाऱ्यांना सांगतो, दिवाळीनंतर या. रागात आणलेलं सोनं नंतर परत मागायला येतात, म्हणून. तुमचं वर्ष झालंय आणि प्रश्नात राग दिसला नाही, तेव्हा तुम्हाला थांबा म्हणत नाही.

जिथे कराल तिथे सकाळी जा, दुकान उघडल्या उघडल्या. कारागीर ताजा असतो आणि गर्दी नसते. काटा शून्यावर आहे ना ते बघून मग डाग ठेवा. वजन, खड्यांचं वजन, लगडीचं वजन, टंच आणि ठरलेली घडणावळ हे सगळं एकाच पावतीवर, सहीसकट. आटवून झाल्यावर मूस रिकामी दाखवायला सांगा, कधी कधी तळाला बारीक रवा चिकटून राहतो. आणि पुढे कधी पोत उसवलीत तर काळे मणी दुकानात टाकून येऊ नका. त्यांना मोल काही नाही, पण मी ते नेहमी पुडीत बांधून हातात देतो. कुणी तापीत सोडतं, कुणी देव्हाऱ्यात ठेवतं. एका ताईंनी दुकानाबाहेर पडताना पुडी माझ्या गल्ल्यावरच विसरली, तीन वर्षं झाली, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.